पिकअपच्या दाराखालचा पत्रा वाचवायचा कसा? फुटबोर्ड, कोटिंग की चासीवरचा पाइप : आपला रस्ता बघून ठरवा

नवी पिकअप दारात आली की पहिल्या आठवड्यातच सीट कव्हर बसतं, टेप लागतो, मागच्या फाळक्यावर देवाचं नाव येतं. हौद्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लोखंडी पट्ट्या मारल्या जातात. पण दाराखालच्या पत्र्याकडे कोणी वाकून बघत नाही. तीन-चार पावसाळे झाले की तोच पत्रा खालून फुगतो, दार आपटल्यावर लाल भुकटी पडते आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक सगळ्यात आधी तिथंच बोट लावतं.

आपल्या जिल्ह्यात पिकअप म्हणजे हौस नाही, घरचा धंदा आहे. पाटण-जावळीच्या डोंगरातून दूध खाली येतं, खटावचा बटाटा, कोरेगावचं आलं, कराडची भाजी मार्केटला जाते, ती याच गाड्यांवर. हप्ता चालू असतानाच पत्रा सडला तर नुकसान मालकाचं होतं. म्हणून या पत्र्याला कोणतं संरक्षण लावायचं, कोणतं नाही आणि कशावर पैसे घालवू नयेत, याची ही माहिती.

हा पत्रा नेमका कोणता?

पुढच्या चाकाच्या मागून सुरू होऊन केबिनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, दाराच्या खाली जी आडवी पट्टी जाते ती. कंपनीच्या पुस्तकात तिला रॉकर पॅनल किंवा सिल म्हणतात. दिसायला एक पट्टी दिसते, पण आत ती पोकळ असते. दोन-तीन पत्रे एकमेकांवर स्पॉट वेल्डिंगने जोडून ही पेटी तयार केलेली असते. सगळ्यात खाली त्या पत्र्यांचा जोड असतो आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून बारीक भोकं ठेवलेली असतात. ही भोकं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

दुसरी गोष्ट चासीची. बोलेरो पिकअप, कॅम्पर, टाटा योद्धा, इसुझूची डी-मॅक्स, टोयोटाची हायलक्स, या सगळ्या चासीवर बांधलेल्या गाड्या आहेत. खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा, त्यावर रबरी गुटके आणि त्या गुटक्यांवर केबिन. मालाचं ओझं चासी उचलते. दाराखालचा पत्रा केबिनचा भाग आहे, त्याची जाडी एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. गाडीचं वजन दगडावर टेकलं तर तो तग धरत नाही. तो चेपला की दाराची फट बिघडते, दार घट्ट बसत नाही, धूळ-पाणी आत येतं आणि पेटीचा जोड उघडून गंज सुरू होतो.

यातून एकच नियम निघतो. गाडीचं वजन ज्याच्यावर टेकणार आहे, ती वस्तू चासीला धरलेली पाहिजे. पत्र्याला धरलेली कोणतीही वस्तू दणका अडवत नाही, उलट पत्र्यालाच देते.

आधी ओळखा, मार कुठून बसतो

सगळ्यांच्या गाडीला एकच औषध लागू पडत नाही. मार चार प्रकारचा असतो.

१) चाकाने उडवलेली खडी. डांबरीकरण अर्धवट राहिलेले रस्ते, मुरूम-खडीचे रस्ते, क्रशरकडे जाणारी वाट. पुढच्या चाकाने उडवलेला खडा थेट या पत्र्यावर बसतो. रंगाचा टवका उडतो आणि तिथून गंज लागतो. माण-खटावकडे हा त्रास जास्त. टायर कंपनीपेक्षा रुंद टाकले असतील तर खडी आणखी बाहेर उडते.

२) खालून टेकणं. पाणंदीत ट्रॅक्टरची चाकोरी खोल पडलेली असते, मधला उंचवटा तसाच राहतो. एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर गेलं की गाडी कलते आणि खालची बाजू घासते. ओढ्याच्या काठावरून उतरताना, बांध ओलांडताना हेच होतं. पाटण, महाबळेश्वर भागात जांभ्याचा कातळ मधेच वर आलेला असतो, तो माती खरवडून जाते तसा सरकत नाही.

३) बाजूने घासणं. अरुंद पाणंदीतले तोडलेल्या बाभळीचे खुंट, कुंपणाचे दगडी खांब, उसाच्या फडाकडेला रोवलेले हद्दीचे दगड.

४) चिखल आणि पाणी. हा मार दिसत नाही, आवाज येत नाही, पण सगळ्यात जास्त पत्रे हाच खातो. चिखल त्या बारीक भोकांत बसतो, आतलं पाणी आतच राहतं आणि पेटी आतून सडते. खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांत सांडलेलं खत ओलाव्याबरोबर खाली उतरतं आणि गंज लवकर धरतो. कोकणातून मासळी आणणाऱ्या गाड्यांत मिठाचं बर्फाचं पाणी ठिबकतं, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट.

आपल्या गाडीखाली एकदा टॉर्च घेऊन झोपा. टवके दिसतात, ओरखडे दिसतात, चेपलंय की फुगलंय, ते बघा. पैसे कशावर घालायचे ते तिथंच कळतं.

पर्याय पहिला : मडफ्लॅप

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. पुढच्या चाकामागे जाड रबराचा, टायरच्या पूर्ण रुंदीचा मडफ्लॅप असेल तर खडीचा निम्म्याहून मोठा त्रास तिथंच थांबतो. पातळ प्लॅस्टिकचे फ्लॅप वेगात मागे वाकतात, त्यांचा उपयोग थोडा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर फ्लॅपला घासत नाही ना, ते बघूनच स्क्रू मारा. स्क्रूच्या भोकाला रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

गाडी फक्त खराब रस्त्यावर चालते, पण शेतात उतरत नाही, अशांनी मडफ्लॅप आणि कोटिंग यावरच थांबावं. पुढच्या खर्चाची गरज नाही.

पर्याय दुसरा : कोटिंग

खालून मारायचं काळं रबरी कोटिंग खडी आणि पाण्यापासून वाचवतं. दणक्यापासून वाचवत नाही. कोटिंग मारलंय म्हणून गाडी दगडावरून नेली, असं करू नका.

कोटिंग करून घेताना या गोष्टी स्वतः उभं राहून बघा :

– आधी गाडी खालून प्रेशरने धुतली पाहिजे आणि पूर्ण वाळली पाहिजे. ओल्या पत्र्यावर, चिखलावर किंवा गंजावर मारलेलं कोटिंग गंज झाकतं. आत तो वाढतच राहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी खपली निघते.

– जुना गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून मगच कोटिंग.

– पाण्याची भोकं बुजवू देऊ नका. मिस्त्रीला आधीच सांगा, भोकांत काडी किंवा टेप लावून मार. काम झाल्यावर स्वतः तपासा.

– ब्रेक, सायलेन्सर, प्रॉपेलर शाफ्ट आणि रबरी गुटक्यांवर फवारा जाता कामा नये.

– पेटीच्या आतून मेणासारखं गंजरोधक फवारणारी सोय जवळपास असेल तर ती जरूर करा. पत्रा आतून सडतो आणि बाहेरचं कोटिंग आतपर्यंत पोचत नाही.

बरेच जण खालून जळकं ऑइल मारतात. जुन्या माणसांची ही सवय आहे, पण ऑइलने केबिनखालचे रबरी गुटके आणि बुश फुगून खराब होतात, सायलेन्सरजवळ धूर-आगीचा धोका राहतो आणि त्यावर धूळ चिकटून थर बनतो. शिवाय ते ठिबकून शेतातल्या मातीत आणि ओढ्यात जातं. हे टाळा.

पर्याय तिसरा : फुटबोर्ड

बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो हा. चकचकीत स्टीलचा पाइप, वर प्लॅस्टिकची पायरी. म्हाताऱ्या माणसाला, बाईमाणसाला चढायला सोय होते, गाडी दिसते चांगली. पण हे संरक्षण नाही. पाइप पातळ असतो, ब्रॅकेट हलकी असते आणि काही ठिकाणी ती दाराखालच्या पत्र्यालाच स्क्रूने धरलेली असते. असा फुटबोर्ड दगडावर टेकला की तो वर वाकतो, ब्रॅकेट पत्र्यात घुसते, आणि नुसत्या दगडाने जेवढं चेपलं असतं त्याहून जास्त चेपतं. शिवाय फुटबोर्ड खाली लोंबतो म्हणून एरवी टेकला नसता तो दगडही टेकतो.

चढायला पायरी हवी असेल तर जरूर घ्या, पण तिच्याकडून पायरीचंच काम घ्या. घेताना ब्रॅकेट कशाला धरली आहे ते खाली वाकून बघा. पत्र्याला असेल तर नको म्हणा. फुटबोर्डला जॅक तर कधीच लावू नका.

पर्याय चौथा : चासीवरचा पाइप

गाडी रोज पाणंदीत, ओढ्यात, कातळावर जात असेल तर खरा उपाय हाच. डोंगरात फिरणाऱ्या जीपवाल्यांत याला स्लायडर म्हणतात. चासीपासून जाड ब्रॅकेट बाहेर काढून त्यावर दाराखालच्या पत्र्याला समांतर मजबूत पाइप बसवलेला असतो. गाडी टेकली की वजन पाइपवर येतं, पाइपवरून चासीवर जातं आणि गाडी दगडावरून घसरत पुढे निघते. पत्र्याला धक्का लागत नाही.

तुमच्या मॉडेलसाठी तयार मिळत असेल आणि चासीच्या कंपनीच्या भोकांतच बोल्टने बसत असेल तर तेच घ्या. तसं मिळत नसेल आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना

पाइप : दीड इंची बी क्लास पाइप बहुतेक पिकअपला पुरतो. त्याची बाहेरची गोलाई सुमारे ४८ मिमी आणि जाडी सव्वातीन मिमीच्या आसपास असते. मीटरला साधारण ३.६ किलो, म्हणजे ६ मीटरची अख्खी लांबी साडेएकवीस किलोच्या आसपास भरते. ए क्लासची तीच लांबी साडेएकोणीस किलोच्या जवळ येते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पाइप काट्यावर ठेवून बघा. चौकोनी पाइप हवा असेल तर ५० बाय ५० मिमी आणि ३ मिमी जाडीचा, तो मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास बसतो.

जीआय पाइप नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, तो करणाऱ्याच्या छातीला वाईट, आणि जोडावरचं जस्त जळून गेल्यावर गंज तिथूनच धरतो.

ब्रॅकेट : ५ ते ६ मिमी पट्टीची. साध्या केबिनला प्रत्येक बाजूला निदान दोन, शक्य असेल तर तीन. चार दारांच्या केबिनला तीन, चार. प्रत्येक ब्रॅकेटला खालून त्रिकोणी आधारपट्टी हवीच, नाहीतर पाइप टेकल्यावर ब्रॅकेट मुळातून वळते.

चासीला जोडणी : चासीवर थेट वेल्डिंग करू देऊ नका आणि नवीन भोकंही पाडू देऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं लोखंड कमजोर होतं आणि भरल्या गाडीच्या हेलकाव्यांनी तडा जाऊ शकतो. कंपनीची भोकं वापरून ८.८ ठसा असलेले बोल्ट आणि नायलॉनचे लॉक नट लावा. बोल्ट घालण्याआधी चासीच्या बाजूने जाणारी ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग आणि टाकी कुठे आहे ते हात लावून बघा. ज्या बीएस-६ गाड्यांना युरियाच्या पाण्याची टाकी आहे, तिच्या नळ्याही जपा.

फट : पाइप आणि दाराखालचा पत्रा यांच्यात २० ते २५ मिमी मोकळी जागा ठेवा. केबिन रबरी गुटक्यांवर असते, खड्ड्यात ती हलते आणि चासी थोडी पिळते. पाइप चिकटवून बसवला तर तोच रोज पत्रा घासतो. आणि फट फार बारीक असेल तर चिखल अडकून बसतो.

उंची : पाइपची खालची बाजू चासीच्या खालच्या रेषेपेक्षा खाली जाता कामा नये, नाहीतर जमिनीपासूनची मोकळी उंची आपणच कमी केली असं होतं. मापं घेताना गाडी भरलेली असावी. रिकामी पिकअप मागून उंच उभी राहते, माल भरला की बसते.

टोकं : पाइपची दोन्ही टोकं पत्र्याने बंद करून गोल घासून घ्या. उघड्या टोकातून पाणी-चिखल आत जातो. त्याहून महत्त्वाचं, बाहेर आलेलं धारदार टोक मोटारसायकलवाल्याच्या गुडघ्याला किंवा रस्त्याकडेच्या पोराला लागतं. पाइप गाडीच्या सगळ्यात रुंद भागाच्या आतच राहिला पाहिजे.

काम शक्यतो गाडीपासून बाजूला, जमिनीवर करून मग बोल्टने बसवावं. गाडीवर टाके मारायचेच असतील तर आधी बॅटरीची मायनसची वायर काढा. आताच्या गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोल युनिट असतात, वेल्डिंगच्या करंटने ते जाऊ शकतात. जळण्यासारखं काही जवळ ठेवू नका.

वजनाचा हिशोब

साध्या केबिनला दोन्ही बाजूंना सव्वातीन मीटरप्रमाणे एकूण साडेसहा मीटर पाइप लागला, म्हणजे तेवीस-चोवीस किलो. ब्रॅकेट आणि बोल्ट मिळून आणखी सात-आठ. एकूण तीसेक किलो. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन ठरलेलं असतं, त्यामुळे तेवढा माल कमी भरावा लागतो. युरियाचं पोतं ४५ किलोचं, म्हणजे पाऊण पोत्याहून थोडं कमी. हे परवडतं. पण कोणी मजबुतीच्या नावाखाली जाड प्लेटा लावायला लागला तर हिशोब करा : ५ मिमी प्लेट एका चौरस फुटाला ३.६ किलोच्या पुढे भरते.

आरटीओ आणि विमा

हा भाग वाचल्याशिवाय काम सुरू करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीशिवाय असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या बंपरला लावलेल्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं.

बाजूचा पाइप बोल्टने बसतो, काढता येतो, लांबी-रुंदी वाढवत नाही, म्हणून तो चालतोच असं गृहीत धरू नका. आपली नोंदणी एमएच-११ असेल तर साताऱ्याला, एमएच-५० असेल तर कराडला आरटीओ कार्यालयात फोटो दाखवून आधी विचारा. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेलसाठीचीच वस्तू घेतली असेल तर बिल गाडीत ठेवा. मालवाहू गाडीचं पासिंग पहिल्या आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं. तिथं अडलं तर गाडी उभी राहते आणि ऐन हंगामात ते परवडत नाही.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. बाहेरून लावलेल्या वस्तूची नोंद पॉलिसीत नसेल तर त्या वस्तूची भरपाई मिळत नाही, आणि अपघातानंतर न कळवलेल्या बदलावरून दाव्यात वाद निघू शकतो.

थोडक्यात, कोणी काय निवडावं

– गावातून मार्केटला डांबरी किंवा खडीचा रस्ता, शेतात उतरत नाही : जाड मडफ्लॅप आणि कोटिंग.

– काळ्या रानात, चिखलात जा-ये, पण दगड नाही : मडफ्लॅप, कोटिंग आणि पेटीच्या आतून गंजरोधक. पाइपपेक्षा नियमित धुणं महत्त्वाचं.

– खोल चाकोऱ्या, कातळ, ओढे रोजचे : चासीवरचा पाइप, आरटीओला विचारून. सोबत कोटिंग.

– मासळी, खत, मीठ वाहणारी गाडी : कोटिंग, आतून गंजरोधक आणि प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने खालून धुणं.

– फक्त चढायला पायरी हवी : फुटबोर्ड, ब्रॅकेट चासीला असलेलाच.

लावल्यानंतर

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खालून पाणी मारा आणि तारेचा तुकडा घेऊन पेटीखालची भोकं मोकळी करा. दाराच्या खालच्या कडेलाही अशीच भोकं असतात, तीही. पाइपचे बोल्ट पहिल्या पंधरा दिवसांनी पुन्हा आवळा, नंतर दर सर्व्हिसिंगला बघा. पाइपवरचा रंग ओरखडला तर डबा आणून लगेच हात मारा. पाइप घासण्यासाठीच आहे, पण उघडा ठेवू नका.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांसाठी एक सोपी तपासणी. खिशात छोटा लोहचुंबक ठेवा आणि दाराखालच्या पत्र्यावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. ताजं काळं कोटिंग मारून विकायला काढलेली गाडी असेल तर आणखी बारकाईने बघा आणि भाव त्याप्रमाणे करा.